पायाळूची लेक

माझे वडील, आप्पा, पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी त्यांचे पाय आधी बाहेर आले. कल्याणला रेल्वेच्या लोको शेडमध्ये ते फिटर होते, पण आमच्या चाळीत त्यांना लोक ओळखत ते या पायांमुळे. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस कमरेवर हात ठेवून, एका अंगाला कललेला, सकाळी सकाळी दारात उभा. आप्पा दात घासत असले तर चूळ भरून येत. माणूस सतरंजीवर पालथा पडे. आप्पा भिंतीचा आधार घेऊन उजवा पाय त्याच्या पाठीवरून तीनदा खाली फिरवत आणि शेवटी टाचेने एक हलकी लाथ देत. पैसे घ्यायचे नाहीत, आलेल्या माणसाकडचा चहासुद्धा प्यायचा नाही, असा दंडक. पायाळू माणसावर वीज पडते अशी आजीची खात्री होती, त्यामुळे आभाळ गडगडायला लागलं की ती आपल्या चाळिशीच्या मुलाला गॅलरीतून आत ओढायची.

आप्पांकडे आलेले बहुतेक लोक बरे होत. मी फिजिओथेरपिस्ट झाले त्याला आता तीस वर्षं होतील, आणि माझ्याकडे येणारेही बहुतेक लोक बरे होतात. मग आप्पांच्या पायात नव्हतं असं माझ्या हातात काय आहे? हा प्रश्न मला पेशंट विचारत नाहीत. मीच तो घेऊन बसलेली असते.

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडपासून पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझी दहा बाय बाराची खोली आहे. एक टेबल, दोन उश्या, एक स्टूल, भिंतीवर आरसा. नवीन पेशंट आत आला की आधी मशीन शोधतो. मशीन दिसत नाही म्हटल्यावर चेहरा पडतो. मग सांगायला लागतो: मणक्यात गॅप आलाय, शिरेवर शीर चढली, गुडघ्यातलं वंगण संपलं. कारणही ठरलेलं असतं. डोंबिवली लोकल, नाहीतर रिक्षा आणि खड्डे. सव्वा तास एका हाताने कडी धरून, छातीवर सॅक घेऊन उभं राहणाऱ्याचं काही दुखणार नाही असं मी कशी म्हणेन? पण तीच लोकल, तोच डबा, तीच कडी, आणि शेजारच्याचं काही दुखत नाही, हेही रोज दिसतं.

‘गॅप’ या शब्दाचा तर मला रागच येतो. एमआरआयचा कागद हातात पडला की धडधाकट माणूस वाकायचं सोडतो. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशांचे स्कॅन पाहिले होते. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के माणसांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. कागदावर दिसलेलं सगळंच दुखत नाही, म्हणून तर हाताने तपासावं लागतं.

हाताने तपासायला मी परळला के.ई.एम. रुग्णालयात शिकले. फिजिओथेरपी शिकवणारी देशातली पहिली संस्था तिथलीच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईत पोलिओने मुलं लुळी पडत होती तेव्हा, केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती उभी केली. तिच्या थोडंसं आधी, १९५० साली, त्याच रुग्णालयात कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय काढलं होतं. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने निंबकर झालेल्या या बाईंवर वेगळा लेखच लिहायला हवा. पोलिओने आमच्या हातांना एक सवय लावली. मुलाचा एकेक स्नायू चाचपायचा, त्याला आपल्या हाताने अडवून बघायचं आणि शून्य ते पाच गुण द्यायचे. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे हालचाल नाही, पण बोटांखाली काहीतरी फुरफुरतंय. तीन म्हणजे पाय स्वतःच्या वजनासकट उचलता येतो, वरून दाबलं तर टिकत नाही. त्या ‘एक’साठी बोटांनी वाट बघायला मी परळलाच शिकले.

ती बोटं मग ठाण्यातल्या पहिल्या नोकरीत वाया गेली. पाच पलंग, पाच पडदे, आणि मी घड्याळ लावून फिरतेय. याला करंट, त्याला अल्ट्रासाउंड, तिसऱ्याच्या कमरेला पट्टा बांधून ट्रॅक्शन. घंटी वाजली की पुढचा. पेशंटच्या अंगाला माझा हात लागायचा तो जेल पुसताना. दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ घेतलेलं असायचं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी माणूस दहाव्या दिवसापर्यंत इमानेइतबारे येत राही. पुढे २०१६ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन आणि असले करंट देऊ नका असं स्पष्टच लिहिलं होतं. तो कागद वाचताना मला ते पाच पडदे आठवले.

नोकरीत असतानाच शनिवार-रविवारी ठाण्यात मॅन्युअल थेरपीचा, म्हणजे हाताने करायच्या उपचारांचा, एक कोर्स केला. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकीच्या हातात टेलिफोन डिरेक्टरी दिली. आपल्याच डोक्याचा एक केस तोडा, पानाखाली ठेवा, डोळे मिटा आणि बोटाने शोधा. सापडला की वर आणखी एक पान. मग आणखी एक. तिसऱ्या पानाला मी हरले. महिन्याभराने आठव्या पानापर्यंत पोचले. घरी आप्पा म्हणाले, “सरकारी नोकरीचा फॉर्म भरायचा सोडून हे काय?”

या विद्येचे मोठे गुरू लांबलांबचे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे जेफ्री मेटलंड, नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबॉर्न, न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. त्यांनी काय केलं ते एका मावशींच्या खांद्यावरून सांगते.

मावशी पोळीभाजी केंद्रात रोज अडीचशे पोळ्या लाटतात. वय ५२. डावा खांदा चार महिने धरलेला. “लाटताना काही नाही हो मॅडम, पण अंबाडा घालता येत नाही. आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जातो.” तेल चोळून झालं होतं, गरम पिशवीचा शेक झाला होता, कुणीतरी हात जोरात वर ओढूनही दिला होता. त्यानंतर दुखणं दुप्पट झालं.

मी त्यांना कोपर कमरेला चिकटवून हात दार उघडल्यासारखा बाहेर न्यायला सांगितलं. उजवा छान बाहेर गेला, डावा जेमतेम दहा अंश. मग त्यांना हात सैल सोडायला सांगून मी स्वतः नेऊन पाहिला. तिथेच अडला. ही गोष्ट महत्त्वाची. खांद्याची शीर म्हणजे स्नायूबंध फाटलेला असता, तर त्यांना स्वतःला हात नेता आला नसता, पण मला नेता आला असता. दोघींनाही नेता येत नाही म्हणजे सांध्याभोवतीची पिशवीच आकसली आहे. बॉस्टनच्या कॉडमन या डॉक्टरांनी १९३४ मध्ये याला ‘फ्रोझन शोल्डर’ नाव दिलं. चाळिशी ते साठीत होतो, बायकांना जास्त होतो, आणि मधुमेह असेल तर त्याची शक्यता बरीच वाढते. “साखर तपासलीत कधी?” नव्हती तपासली. टेबलावर घेण्याआधी मी त्यांना रक्त तपासायला पाठवलं. साखर चांगलीच वाढलेली निघाली. खांद्याने पकडून दिली म्हणायची.

आता हात. घरातल्या जुन्या सागवानी कपाटाचा ड्रॉवर पावसाळ्यात फुगून बसतो. त्याला हिसका मारला तर मूठ हातात येते. आपण काय करतो? जरा आत, जरा बाहेर, किंचित डावी-उजवी, अडतो तिथपर्यंत नेऊन परत. मेटलंड यांनी या हलवण्याच्याच पायऱ्या पाडल्या. पहिली, हालचालीच्या सुरुवातीलाच अगदी बारीक झोका. दुसरी, मोठा झोका, पण अडथळ्याला न टेकणारा. या दोन्ही दुखणं शांत करण्यासाठी. तिसरी, मोठा झोका अडथळ्यात शिरणारा. चौथी, त्या अडथळ्यातच बारीक झोके. या दोन आखडलेपणासाठी. पाचवी म्हणजे एकच झटका, ‘कट्’ वाजतो तो. पहिले तीन आठवडे मी मावशींच्या खांद्यावर पहिल्या दोन पायऱ्यांच्या पुढे गेले नाही. त्यांना वाटलं, बाई नुसती हात ठेवून बसते. पण रात्रीची झोप लागायला लागली.

मग तिसरी, चौथी. मावशी उताण्या, त्यांचा हात माझ्या काखेत धरलेला, माझा तळवा खांद्याच्या गोळ्यावर. हाडाचा हा गोळा उथळ वाटीत बसलेला असतो. नुसता फिरत नाही, फिरता फिरता सरकतोही. हात वर जाताना गोळा खाली सरकला नाही तर वर आपटतो. या सरकण्यावर काल्टेनबॉर्न यांनी सगळी पद्धत बांधली. त्यांच्या नियमाप्रमाणे हात बाहेर वळवायचा असेल तर गोळा पुढे सरकवायला हवा. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रोझन शोल्डरच्या पेशंटचा गोळा उलट मागे सरकवल्यावर हात जास्त बाहेर वळला. आम्ही नियम पाठ केलेला होता. पण पेशंटचा खांदा पुस्तक वाचत नाही. मी मावशींच्या खांद्यावर दोन्ही करून पाहिलं. मागेच ढकलला.

वीस मिनिटांनंतर दार पंधरा अंश जास्त उघडलं. मावशी खूश. दुसऱ्या दिवशी मोजलं तर त्यातले दहा गेलेले.

माझ्या धंद्यात हे कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी बोलते. हाताने मिळवलेलं टिकत नाही. तासाभराची, फार तर दिवसाभराची सवलत मिळते. त्या सवलतीत पेशंटने स्वतः हालचाल केली तर पाच-पाच अंश साठत जातात, नाहीतर सोमवारचं सोमवारीच संपतं. मावशींना मी त्यांचंच लाटणं दिलं. दोन्ही हातांत आडवं धरायचं, कोपर कमरेला, आणि उजव्या हाताने लाटणं ढकलून डावा हात बाहेर न्यायचा. पोळ्या संपल्यावर दहा वेळा, दुपारी दहा, रात्री दहा. ओट्यामागच्या टाइलवर बोटं चढवत न्यायची आणि पोचतील तिथे पेन्सिलीने रेघ. त्या रेघा मी घरी जाऊन पाहिल्या आहेत. मार्चची रेघ हळदीच्या बरणीपाशी, जूनची छताच्या जवळ. अंबाडा पाचव्या महिन्यात जमला. फ्रोझन शोल्डर एक ते तीन वर्षांत बऱ्याचदा आपणहूनही सैल होतो, त्यामुळे सगळं श्रेय मी घेणार नाही. पण तोवर माणसाला झोप हवी असते.

त्या ‘कट्’विषयी. खडकपाड्याचा एक पंचविशीतला मुलगा मोबाइलवर व्हिडिओ दाखवत आला. त्यात कुणीतरी कुणाची तरी मान फिरवतोय आणि माइकमधून फटाके फुटल्यासारखा आवाज. “मॅडम, तसं करा.” सरकलेलं हाड जागेवर बसलं की आवाज येतो, अशी बहुतेकांची समजूत असते. हाड सरकलेलं नसतंच. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो, द्रवात विरलेला वायू मोकळा होऊन पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडात बोट ओढताना एमआरआय काढून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. तोच सांधा पुढची वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही. बोटं मोडल्याने संधिवात होतो हेही खरं नाही. कॅलिफोर्नियाच्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी साठ वर्षांहून अधिक काळ फक्त एकाच हाताची बोटं मोडली. दोन्ही हात सारखेच राहिले, आणि २००९ मध्ये त्यांना गमतीचं इग्नोबेल पारितोषिक मिळालं. बोटं मोडा. पण दाढी झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून वर चढतात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर पक्षाघात होऊ शकतो. क्वचितच होतो, पण वीस रुपयांत तो धोका कशाला? त्या मुलाची मान मी वाजवली नाही. तो परत आला नाही.

मग हात नक्की करतो काय? मूल पडलं की आई गुडघा चोळते, तेव्हा दुखणं कमी होतं ते का, याचं एक उत्तर मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे. स्पर्शाचे संदेश भराभर आले की दुखण्याच्या संदेशांना वाट अरुंद होते. आता आपल्याला माहीत आहे की मेंदूही वरून ते फाटक ओढतो. आपण सुरक्षित आहोत, समजणाऱ्या माणसाच्या हातात आहोत, असं वाटलं की जास्तच ओढतो. आखडलेला स्नायू ढिला पडतो तो माझ्या अंगठ्याने ‘गाठ फोडली’ म्हणून नाही, मज्जासंस्थेने पहारा सैल केला म्हणून. इथे मला आप्पांचा पाय आठवतो. ओळखीचा माणूस, ठाम स्पर्श, बरं होणारच ही खात्री. वर उसण ही आपणहून काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरणारी गोष्ट. ‘नाइस’च्या त्याच सूचनांमध्ये हाताच्या उपचारांना जागा आहे, पण एका अटीवर: सोबत व्यायाम हवाच, एकटे नकोत. आप्पा लाथ मारून झाल्यावर सांगायचे, “आता झोपू नकोस, दुर्गाडीपर्यंत चालून ये.” त्यांना हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

त्यांच्या पायात आणि माझ्या हातात फरक काय, हे कळलं ते एका तरुणाच्या पाठीवर. कल्याणहून रोज अंधेरीला जाणारा. तीन महिने पाठ दुखतेय, मालिश झालं, दोन ठिकाणी मशीन झालं. मी पाठीवर हात ठेवला. स्नायू फळीसारखे, आणि मी त्याला कसंही झोपवलं तरी ते सैल पडेनात. एका मणक्यावर बोटाने नुसतं ठोकलं तर तो दचकला. साधी पाठदुखी कुठल्या तरी कुशीवर शांत होते. याची होत नव्हती, आणि रात्री झोपेतून उठवत होती. “ताप येतो?” “संध्याकाळी अंग कोमट लागतं, पण ते थकव्याने.” पट्टा शेवटच्या भोकाच्याही आत गेला होता. मी हात काढून घेतला आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. मणक्याचा क्षयरोग निघाला. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७९ मध्ये वर्णन केलेला, आणि आपल्याकडे अजून ठाण मांडून बसलेला. तो मणका दाबला, वाजवला असता तर काय झालं असतं याचा विचार मी रात्री करत नाही. औषधांनी तो बरा झाला.

तेव्हापासून नव्या पेशंटला हात लावण्याआधी विचारायचे प्रश्न मी कागदावर छापूनच ठेवलेत. रात्री झोपमोड, ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, म्हातारपणात पडल्यानंतरचं दुखणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधोमध बधिरपणा. शेवटच्या दोन गोष्टींपैकी एक जरी असेल तर माझ्याकडे नाही, रात्र असली तरी थेट रुग्णालयात. वाचकांनीही एक करावं. कुणाच्या हाती पाठ देण्याआधी, ‘महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदे’चा नोंदणी क्रमांक विचारावा. २००२च्या कायद्याने ती परिषद आली. विचारल्याचा आम्हाला राग येत नाही.

राग येतो तो माझ्या उजव्या अंगठ्याला. आमच्या व्यवसायातला हा ठरलेला आजार. तीस वर्षं दाबून दाबून त्याच्या मुळाशी असलेला सांधा कुरकुरायला लागलाय. आता मी कोपर वापरते, बोटांची पेरं वापरते, आणि जमेल तिथे काहीच वापरत नाही. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेंझींच्या दवाखान्यात पायात कळ जाणारा एक पेशंट आला. टेबलाची एक बाजू आधीच्या पेशंटसाठी वर केलेली होती. हा बिचारा तसाच पालथा, कमरेतून मागे वाकलेला पडून राहिला. काही मिनिटांनी मॅकेंझी येऊन बघतात तर पायातली कळ गेलेली. कुणाचा हातही लागला नव्हता. माझ्या अंगठ्याला ही गोष्ट फार आवडते.

गेल्या पावसाळ्यात चाळीतले जुने शेजारी, सत्तरीचे काका, रिक्षातून कण्हत उतरले. पाठीत उसण. आप्पा आता माझ्याकडेच असतात, वय ८४. मी काकांना माझा छापील कागद पूर्ण विचारला. पाय उचलून पाहिले, ठोकून पाहिलं, पायाच्या अंगठ्यांची ताकद पाहिली. सगळं ठीक. कमरेवर दहा मिनिटं पहिल्या-दुसऱ्या पायरीचे झोके दिले. काका उठून बसले, जरा बरं म्हणाले, आणि मग आतल्या खोलीकडे बघत हळूच, “आप्पांना सांग ना गं, जरा पाय लावायला.”

आप्पांना बोलवावं लागलं नाही, ते दारातच उभे होते. मी टेबल खाली घेतलं. त्यांचा उजवा गुडघा आता पूर्वीसारखा उचलत नाही, म्हणून एका बाजूने मी त्यांचा कोपर धरला आणि दुसरा हात त्यांनी भिंतीला टेकला. पाय तीनदा फिरला. लाथ मारायचं त्यांनी टाळलं, किंवा जमलं नाही. मग धापा टाकत म्हणाले, “झोपू नकोस आता.”

“दुर्गाडी लांब पडेल,” मी म्हटलं. काका म्हणाले गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन येतो, आणि छत्री घेऊन निघाले.